शेवंताबाईची चिकटवही

शेवंता,

आज सकाळी कुलूप मीच काढलं, खोली मीच झाडली आणि खिचडीही मीच टाकली. मीठ जास्त पडलं. लेकरांनी निम्मी ताटं तशीच सारली. बावीस वर्षं खिचडीत मीठ तू घातलंस आणि तिला नावं ठेवायचं काम मी केलं. दोन्हींतलं सोपं काम माझ्याकडं होतं, हे आज कळलं.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. तांड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा रिकामी आहे, असं मी वर कळवलंय. दोन ओळींचा अर्ज, पण लिहायला तीन दिवस लागले. नवी बाई येईल तेव्हा येईल. तोवर ही एक खोली, एकवीस लेकरं आणि मी. लोकांना वाटतं, एवढ्या लेकरांच्या गलक्यात माणूस एकटं कसं पडेल. त्यांनी एकदा इथं येऊन बसावं. लेकरं खाऊन आडवी झाली, की दुपारी तास-दीड तास ही खोली गप्प होते. त्या वेळात आपण दोघी दारात बसून हळू आवाजात भांडायचो. कशावरूनही. तुझी मिश्री, माझी रजिस्टरं, कुणाच्या सुनेनं काय केलं. घरी मला विचारणारं कुणी उरलेलं नाही हे तुला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी हे गेले, लेक पुण्याला, तिचा फोन रविवारी. माझ्याशी रोज भांडणारं माणूस तू एकटीच होतीस.

तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तरी मी सेविका म्हणून तुला 'तू' म्हणायची, आणि तू मदतनीस म्हणून मला 'बाई, तुमी'. हे उलटं आहे असं मला कधी वाटलंही नाही. आता या कागदावरसुद्धा 'तू'च लिहितेय, कारण 'तुम्ही' म्हटलं तर तू मला परकी होशील.

मी नोकरीला लागले तेव्हा बारावी पास होते, प्रशिक्षण झालेलं होतं, आणि पहिल्या दिवशी एकाही लेकराला माझं बोलणं कळलं नव्हतं. ती सगळी 'याडी, याडी' करून रडत होती. याडी म्हणजे आई, हे तू सांगितलंस. मग तू त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणालीस आणि ती तुझ्या मांडीभोवती गोळा झाली. मी हातात छडी घेऊन तक्त्याजवळ उभी. त्या दिवशी मला तुझा राग आला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत सांगायचं राहिलेलं तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

त्या तक्त्याचीच गोष्ट काढते. 'माझे कुटुंब' असा तो छापील तक्ता. खुर्चीत बसून पेपर वाचणारे बाबा, ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटणारी आई, काठी टेकत चालणारे आजोबा. दसरा-दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊस तोडायला कारखान्यांकडं जायचा, तो पाडव्याच्या पुढं परत यायचा. कडेवरचं लेकरू आईबरोबर जायचं आणि तीन-चार वर्षांचं आजीजवळ राहायचं. तसलीच एक सोनी होती, साडेतीन वर्षांची. मी छडी तक्त्यावरच्या आईवर ठेवली आणि विचारलं, "ही कोण?"

सोनी म्हणाली, "बाई."

"बाई नाही. आई. म्हण, आई."

ती तक्त्याकडं बघत राहिली. मग दाराकडं बघायला लागली. मी आणखी दोनदा विचारलं. मला बरोबर उत्तर पाहिजे होतं. तू चुलीजवळून उठून आलीस, हात पदराला पुसलेस, तक्ता खिळ्यावरून काढलास आणि गुंडाळून कोपऱ्यात उभा केलास.

"शेवंता, सरकारी तक्ता हाय तो. उद्या साहेब आले तर काय दाखवू?"

"आसंल सरकारी. पर ती तिची माय न्हाई ना. काहून इचारून राहिल्या तिला सारखं?"

दुसऱ्या दिवशी तू पिशवीभर लग्नपत्रिका घेऊन आलीस. तांड्यावरच्या, गावातल्या, कुठल्या कुठल्या. जाड कागद, एक बाजू कोरी. दाभण आणि सुतळी घेऊन त्यांची वही शिवलीस. मी म्हटलं, "हे काय काढलंस?" तू म्हणालीस, "ज्याचं घर त्याच्या पानावर." माझ्याकडं या गोष्टीला नाव होतं, चिकटवही. नाव तेवढं माझं.

मग एकेक लेकराचं पान झालं. एक वही भरली की तू दुसरी शिवायचीस. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. कुठल्या अर्जाला काढलेल्या फोटोतला एखादा उरला असेल तर तो. आजीच्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेरातला एक आरसा. ज्यांच्या घरी बैल होते त्यांच्या पानावर झुलीचा गोंडा. फोटो नसला तर तू म्हणायचीस, "असू द्या, वासानं वळखतंय लेकरू." आणि खरंच, तो लुगड्याचा तुकडा लेकरं नाकाला लावायची.

खळ तू मैद्याची शिजवायचीस. कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायला पाहिजे, असं मी सांगितलं. आमच्या शाळेत वह्या बांधणारा तसंच करायचा. तू कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी ओतलंस.

"लेकरं बोटं चाटत्यात, बाई. कागद टिकावा म्हून लेकराला इख घालायचं व्हय?"

दरवर्षी दोन-चार पानांना कसर लागायचीच, आणि दरवर्षी मी तुला ऐकवायची की मोरचूद घातलं असतं तर. हे भांडण आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत केलं. तूच बरोबर होतीस. मला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पण वहीतली खरी गोष्ट पुढच्या दसऱ्यानंतरची. गाड्या लागल्या होत्या. भांडी, गोधड्या, पत्रे, कोंबड्या, सगळं चढून राहिलं होतं. तू ताटलीत हळद घेतलीस, तिच्यात चुना कालवलास. लेकरं गोळा झाली, कारण पिवळ्याचं लाल होताना बघायला त्यांना फार आवडायचं. आपल्या भागात हळदीला काय तोटा. मग ती ताटली आणि वही घेऊन तू गाडीच्या फाळक्यापाशी उभी राहिलीस आणि एकेका बाईला अडवलंस. "हात टेकव अन् मग चढ गाडीत."

आयांनी आधी हसून घेतलं. मग एकेकीनं पंजा लालमध्ये बुडवून आपल्या लेकराच्या पानावर उठवला. शेवटी शेवटी कुणी हसत नव्हतं. मी तुझ्यामागं उभी राहून प्रत्येक पंजाखाली नाव लिहीत होते. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सोनीनं आपला हात आईच्या पंजावर ठेवला. तिचा सगळा हात त्या तळव्यातच मावला. तू तिचं एकेक बोट धरून मोजलंस. एक, दोन, तीन, चार, पाच. मग लहान हात, मोठा हात. मग उजवा, डावा. लाल, पिवळा. माझ्या तक्त्यांनी जे वर्षभर शिकवायचं ते तू त्या एका पानावर शिकवून राहिली होतीस, आणि लेकरू मोजून झालं तरी हात काढत नव्हतं. मला त्या दिवशी तुझ्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "खिचडी लागली बघ खाली."

तुझ्या बाकीच्या खेळांची तर गणतीच नाही. हळकुंडं एकीकडं आणि गोल गड्डे एकीकडं निवडायचे. चिंचोके अंड्यांच्या ट्रेमध्ये एका खळग्यात एक असे मांडायचे. डोळे बांधून डब्यांचा वास ओळखायचा. जोंधळ्याचं पीठ, हळद, रॉकेल, आणि एका डबीत तुझ्या बटव्यातली तंबाखू. त्यावरून मी केवढी ओरडले होते. सगळ्या लेकरांनी पहिली ओळखली ती तीच डबी.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मी इकडं-तिकडं करते आहे, हे तू ओळखलंच असशील.

अकरा वर्षांपूर्वी तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. चिकटवही मी नेली. सोबत एक अर्ज होता, त्यावर 'साहित्य तयार करणाऱ्याचे नाव' अशी एक रेघ. मी माझं नाव लिहिलं. मनाशी म्हटलं, मदतनिसाचं नाव अशा अर्जावर लिहीत नसतात. तसं कुणीच सांगितलं नव्हतं. रेघ लांब होती, दोन नावं सहज मावली असती.

वही जिल्ह्याला गेली. हिंगोलीला सत्कार ठरला. तू म्हणालीस, "मी बी येते की बाई, हिंगोली बगून लई दिस झाले." तू धुतलेलं लुगडं नेसून आलीस, मागच्या भिंतीला टेकून बसलीस. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं. पाहुण्यांनी माईकवर विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?

शेवंता, मी सांगितलं. मी म्हटलं, एका मुलीला मी तक्त्यावरची आई दाखवली आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ही तिची आई नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी उठून जुन्या लग्नपत्रिका शोधल्या. दोन-तीन बायांनी डोळे पुसले. खरं तर तू तक्ता काढलास त्या रात्री मी गाढ झोपले होते. आणि लग्नपत्रिका शोधायला तांडाभर हिंडणारी बाई समोरच्या भिंतीला टेकून माझं बोलणं ऐकत होती. टाळ्या वाजल्या, त्यात तूही होतीस. मी पाहिलं.

परतीच्या एसटीत आपण शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आता बोलशील, मग बोलशील, असं करत बाळापूर आलं. उतरायच्या आधी तू शालीचा काठ चिमटीत धरून पाहिलास आणि म्हणालीस, "शाल चांगली हाय, बाई. थंडीत कामाला यील." बस. एवढंच. मिठावरून तू माझ्याशी दोन-दोन दिवस बोलायची नाहीस आणि या गोष्टीवर एक शब्द काढला नाहीस. मी ती शाल आजवर पांघरलेली नाही, पण ते काही प्रायश्चित्त नव्हे.

वही जिल्ह्याला दोन महिने राहिली. मोठ्या लोकांना दाखवायला ठेवली होती. मधेच गाड्या लागल्या. वही नाही. तू हळद-चुन्याची ताटली घेऊन फाळक्यापाशी गेलीस आणि सगळ्या आयांना अंगणवाडीत घेऊन आलीस. भिंतीला नुकताच रंग दिलेला. त्या भिंतीवर, लेकरांचा हात पोचेल इतक्या खाली, तू चौदा पंजे उठवून घेतलेस. मी सकाळी येऊन पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"साहेबांची भेट ठरलीय चार दिवसांवर! मला विचारायचं न्हाई?"

"वही न्हवती, बाई."

मला ते झोंबलं, म्हणून मी आणखी चढले. भिंत सरकारी, रंग सरकारी, जबाबदारी माझी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "भित सरकारची हाय. हात त्यांच्या मायचे हायत. कुनाचं मोडायचं ते तुमी ठरवा." आणि तू चुलीकडं गेलीस. मी चुना आणून भिंत पुसून घेतली. त्या वर्षी लेकरं त्या भिंतीजवळ बसायची आणि पांढऱ्या चुन्यावर हात ठेवायची, बराबर जिथं पंजा होता तिथं. भेटीला आलेल्यांनी विचारलं, हा कुठला खेळ? मी म्हटलं, असाच. हे भांडण तू परत कधी काढलं नाहीस आणि मी मिटवलं नाही.

अकरा वर्षं मी वाट पाहिली, शेवंता. तू एकदा तरी तोंडावर म्हणशील, बाई, ते माझं होतं. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. आधी चिडकी उत्तरं होती, मग समजावणीची, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एकच, की होय, चुकलं माझं. तू विचारलंच नाहीस. मीही आपण होऊन म्हटलं नाही. रोज सहा तास एका खोलीत असायचो. वेळ नव्हता असं म्हणायलाही जागा नाही.

तू गेलीस त्या दिवशी मी तांड्यावर आले. तुझा रोहिदास ओसरीत बसला होता, चाळिशीचा गडी, लेकरासारखं तोंड झालेलं. मला बघून उठला. जमलेल्या लोकांना सांगायला लागला, "ह्याच त्या बाई. आई घरी आल्यावर निस्तं बाईचंच सांगायची. चिकटवही बाईनं काढली, हिंगोलीला बाईला शाल दिली. मी म्हणायचो, तू काय करतीस मग? तर म्हणायची, मी खळ शिजवते."

मला वाटलं होतं, तू गप्प राहिलीस. तू गप्प राहिली नव्हतीस. तू माझं खोटं घरी नेऊन, जपून, लेकाच्या मनात पक्कं करून ठेवलं होतंस. मी तिथं बसून चहा प्यायले आणि घरी आले.

काल, तुझे दिवस झाल्यावर, मी परत गेले. सगळ्या वह्या पिशवीत घातल्या, प्रमाणपत्र घातलं आणि भर दुपारी तुझ्या ओसरीत जाऊन बसले. रोहिदास होता, सून होती, शेजारची चार माणसं होती. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, ही वही मी काढली नाही, तुझ्या आईनं काढली. मी अर्जावर माझं नाव लिहिलं. हिंगोलीला खोटं बोलले.

मग मी ते सांगितलं जे तू मला एकदाच, खळीचं पातेलं खरवडताना, मान वर न करता सांगितलं होतंस.

"रोहिदास, तू चार वर्षांचा होतास. तुझी आई तुला आजीजवळ ठेवून पहिल्यांदा उसाला गेली. सहा महिन्यांनी गाडीतनं उतरून दारात आली, तर तू आत पळालास आणि तांब्या भरून पाणी आणलंस. पाव्हणी आली म्हणून. दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलंस. ती म्हणाली, ते पाणी मी पिले, बाई, काय करू. ही वही तिथनं सुरू झालीय."

रोहिदास पिशवीजवळ सरकला. मला वाटलं, पोचलं. त्यानं पिशवीतली सगळ्यात जुनी वही काढली, पानं उलटली. पंजांखालच्या नावांवरून बोट फिरवलं.

"मला तर काई याद न्हाई, बाई," तो म्हणाला. "आन् अक्षर तर सगळं तुमचंच हाय. आईला कुठं लिवता येत होतं? आसं काई तिला कसं सुचंल?" मग त्यानं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि हात जोडले. "तुमी मोठ्या मनाच्या हाव. गेलेल्या माणसाला मोठेपना देऊन राहिल्या. आई सांगायची तश्याच हाव तुमी."

मी म्हटलं, "न्हाई रे बाबा, खरं सांगते, तुझ्या आईची शपथ." शेजारचा एक म्हातारा मान हलवत म्हणाला, आजकाल अशी माणसं राहिली न्हाईत. सून डोळे पुसत होती. मी जितकं जोर लावून सांगत होते तितकी मी त्यांच्या नजरेत चांगली ठरत होते. शेवटी मी उठले. रोहिदास पिशवी घेऊन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

तू त्यांना अकरा वर्षं रोज जे सांगितलंस, ते माझ्या एका दुपारच्या बोलण्यानं पुसलं जात नाही. खोटं बोलले तेव्हा तू समोर बसून ऐकलंस. काल खरं बोलले, तर ऐकायला तू नव्हतीस, आणि बाकी कुणाला ते पटलं नाही.